सुटे चौकोन

आमच्याकडे बाळ जन्मल्याशिवाय बाळाचं काही घरात आणत नाहीत. झबलं नाही, टोपडं नाही, पाळण्याचं तर नावच काढायचं नाही. पहिल्या खेपेला मी हे सगळं हसण्यावारी नेलं होतं. चौथा महिना लागला तशी पिवळ्या लोकरीचं टोपडं विणायला घेतलं, आणि पाचव्यात सगळं संपलं. मला कुणी एका शब्दाने बोललं नाही. टोपडं कुठे गेलं ते मीही विचारलं नाही. दुसऱ्या खेपेला मी सुईला हातसुद्धा लावला नाही, तरी पाचव्यातच संपलं. म्हणजे टोपड्याचा काही संबंध नव्हता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही होतं, पण भीती काही कमी झाली नाही.

तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि बाळंत होईपर्यंत पडून राहायला सांगितलं. मी तेव्हा एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होते. दुसऱ्यांनी केलेल्या कामात काय काय बिघडू शकतं ते शोधायचा मला पगार मिळायचा, आणि मी त्यात वाकबगार होते. आता कात्रजच्या फ्लॅटमध्ये, पायांखाली दोन उशा घेऊन, तेच काम मी बिनपगारी करू लागले. पोटात जरा दुखलं की वाटायचं, संपलं. काहीच दुखलं नाही की त्याहून भीती, आत काही आहे की नाही? नवरा अमेरिकेत होता. दोन हजार साल उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळणार म्हणून तिकडच्यांनी आपल्याकडची मुलं भराभर नेली, त्यात हाही गेला. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. "कशी आहेस?" "आहे." याच्यापुढे आम्हा दोघांनाही काही विचारायचा धीर व्हायचा नाही.

घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंचं बोलणं मोजकं, आणि जे असायचं ते तिरकं. एके दिवशी त्या मंडईतून आल्या त्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली लोकरीचे उरलेसुरले गुंडे आणि क्रोशाची सुई घेऊन.

"छत पाठ झालं असेल आता. हे घे."

"आई, बाळाचं काही नको."

"बाळाचं कोण म्हणतंय? चौकोन कर, तळहाताएवढे. जोडायचे नाहीत. जोडले तर ते पांघरूण. नाहीतर नुसते चौकोन."

ही पळवाट मला एकदम पटली. मी लगेच सुई हातात घेतली.

चार साखळ्यांचं कडं करायचं, त्यात तीन-तीन खांबांचे चार पुंजके, कोपऱ्यांवर साखळ्या, आणि दर फेरीला रंग बदलायचा. लोकर सगळी कुणाकुणाच्या स्वेटरमधून उरलेली. शाळेचा गर्द निळा, मोरपंखी, उन्हाने विटलेला गुलाबी, एक भडक केशरी, जो कुणी आणि का घेतला असेल देव जाणे. शेवटची फेरी मात्र काळी. तो सासूबाईंचा हुकूम. "कडेला काळं असू दे," एवढंच म्हणाल्या. बाळाच्या गालाला तीट लावतात तसंच हे होतं, आम्हा दोघींना ते माहीत होतं.

बघता बघता माझेही नियम तयार झाले. रोज एकच चौकोन. दिवेलागणीच्या आत तो पुरा झाला पाहिजे. आधी केलेली रंगांची जोडी पुन्हा करायची नाही. एकदा चुकून तेच रंग तसेच्या तसे आले, तर मी सगळा चौकोन उसवला आणि घाबरून पुन्हा विणला. इंजिनिअर झालेली बाई मी! ऑफिसात कुणी असं काही केलं असतं तर त्याची मी वर्षभर टर उडवली असती.

पाचवा महिना आला तेव्हा हातात सुई ठरेना. सासूबाई पलंगाच्या पायथ्याशी बसल्या आणि माझं पाऊल धरून राहिल्या. त्या संबंध महिन्यात रोज दुपारी त्या तिथेच बसायच्या. पाचवा गेला. सहावा गेला. सातव्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ छान वजन धरतंय." त्या दिवशी घरी शिरा झाला. एरवी सातव्यात डोहाळजेवण करतात, हिरवी साडी, फुलांच्या वाड्या. आम्ही दोघींनी तो विषयच काढला नाही. रोजचा चौकोन सासूबाई स्वयंपाकघरातल्या शेवेच्या मोठ्या डब्यात नेऊन ठेवायच्या, तो आता भरत आला होता.

मग आठवा लागला. सातव्यातलं बाळ जगतं पण आठव्यातलं जगत नाही, असं आमच्याकडच्या बायका कुजबुजतात. डॉक्टरीणबाईंनी त्याला खुळचटपणा म्हटलं. मी मान डोलावली आणि घरी येऊन आणखी घाबरले.

त्याच आठवड्यात एका दुपारी माझा डोळा लागला होता. जाग आली ती अंगावर काहीतरी जड पडल्यामुळे. शेजारच्या काकू पलंगाशी वाकून हसत होत्या, आणि माझ्या छातीपासून पायांपर्यंत माझे सगळे चौकोन पसरले होते. जोडलेले. त्याच्याखाली माझं पोट.

"तुझं डोहाळजेवण राहिलं ना गं, म्हटलं निदान एवढं तरी," काकू म्हणाल्या. "बाळ आलं की ह्यातच गुंडाळायचं."

मी किंचाळले. "काढा! आधी ते माझ्या अंगावरून काढा! कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" आणि त्यापुढे मी जे म्हणाले ते लिहायची आजही लाज वाटते. म्हणाले, "तुमचं काय जातंय? तुमची दोन्ही मुलं धडधाकट आहेत!"

काकूंचा चेहरा पडला. त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारात सासूबाई उभ्या होत्या, हातात ओलं फडकं. मग काकू म्हणाल्या, "चुकलंच माझं," आणि निघून गेल्या.

आम्ही दोघी ते उसवायला बसलो. काळ्या कडा काळ्याच धाग्याने जोडलेल्या, त्यामुळे जोडाचा धागा कुठला आणि चौकोनाचा कुठला ते कळेना. सासूबाईंच्या हातून दोन-तीन चौकोनांची कडच कापली गेली. त्यांचे हात थरथरत होते. मला वाटलं, रागाने. "त्यांना एवढंसुद्धा कळू नये?" मी पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्या नुसतं "हं" म्हणत होत्या. शेवटचा चौकोन सुटा झाला तेव्हा माझं पोट दगडासारखं घट्ट झालं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी रक्त गेलं.

सातारा रस्त्यावरचा एकेक खड्डा मला आजही पाठ आहे. रिक्षात सासूबाईंनी माझं डोकं छातीशी धरलं होतं आणि रिक्षावाल्याला सारखं म्हणत होत्या, "अहो, हळू. अहो, लवकर." दुपारी मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिल्लाइतकं. तिला माझ्याजवळ न देताच काचेच्या पेटीत नेलं. लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले, "आठवडाभर काही सांगता येणार नाही."

सासूबाई रोज डबा घेऊन यायच्या. मऊ भात, मेतकूट, तूप. मला भरवायच्या, आणि मग व्हरांड्याच्या टोकाच्या बाकावर जाऊन बसायच्या. पेटीच्या खोलीकडे एकदाही फिरकल्या नाहीत. मी मात्र नर्सच्या आधाराने दिवसातून चारदा त्या काचेशी जाऊन उभी राहायचे, इवली छाती वर होतेय ना ते बघायला. पाचव्या दिवशी माझा तोल सुटला.

"मुलगी झाली म्हणून बघायला येत नाही का हो?" मी विचारलं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं.

"चौकोनांचा डबा मी दिला होता शेजारणीला," त्या म्हणाल्या. "तू झोपलेली असताना. मीच म्हटलं, जोडून दे. सातवा पार पडला तसं मला वाटायला लागलं, आता काही होत नाही. मलाच राहवलं नाही गं." मग म्हणाल्या, "आता मी बाळाकडे बघितलं, आणि काही झालं तर?"

क्षणभर मला त्यांचा खरोखरच राग आला. काय बिघडलं, कुणामुळे, हे शोधायची सवय लागलेली मी, आणि कारण समोर आपल्या पायांनी येऊन बसलं होतं. मग त्यांचे हात दिसले. पदरात गुंडाळून घेतले होते त्यांनी, दोन्ही. कुठे चुकून लागू नयेत असे.

"काहीतरीच काय आई! धाग्याने कधी असं होतं का?" मी म्हणाले. माझा त्यावर विश्वास नव्हता. पण त्या वेळी ते कुणीतरी म्हणायला हवं होतं. संध्याकाळी दवाखान्यातूनच काकूंना फोन करून त्यांची माफी मागितली. त्या रडल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या सासूला काही बोलू नकोस हं."

नवव्या दिवशी मुलीला पेटीतून बाहेर काढलं. नर्सने तिला माझ्या हातात दिलं. एवढंसं वजन, आणि तेही मला पेलेना, इतकी मी घाबरले होते. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. मी त्यांना हाक मारली, तर त्या एक पाऊल मागेच सरकल्या.

"नको. माझा हात नको लागायला."

मी तिला घेऊन हळूहळू दारापर्यंत चालत गेले.

"अहो आई, मला एकटीला इतकं घाबरून नाही वाढवता येणार हिला. धरा."

त्यांनी पदरातून हात काढले. मी तिला त्यांच्या हातांवर ठेवलं आणि त्यांच्या हातांखाली माझे हात तसेच राहू दिले, कारण त्या थरथरत होत्या, आणि मीही.