रांजणाच्या तळाची नऊ नाणी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातलं बरंचसं आता विसरायलाही लागलो आहे. पण तांब्याच्या चौदा नाण्यांचा तो किरकोळ गुन्हा जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे, आणि आठवला की मला हसू येतं. हसू माझं मलाच येतं, हे आधीच सांगून टाकतो.

तेव्हा मी अहेरी भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता. सकाळची हजेरी आटोपून टपाल पाहत होतो, तेवढ्यात गावातले एक निवृत्त मुख्याध्यापक फिर्याद घेऊन आले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. मास्तरांना जुन्या नाण्यांचा नाद होता. ब्रिटिश काळातली पाव आण्याची चौदा नाणी त्यांच्या घरातून गेली होती.

चोरीला गेलेल्या वस्तूचं वर्णन विचारलं की लोक डोकं खाजवतात. मास्तरांनी मात्र टाइप केलेली यादीच पुढे ठेवली. प्रत्येक नाण्याचं साल, रंग, झीज आणि शेवटी त्याची प्रत. ‘व्हेरी फाइन’ म्हणजे चांगल्यापैकी, नुसतं ‘फाइन’ म्हणजे बरं. एकाच्या कडेला बारीक टोचा होता, तोही त्यांनी नोंदवला होता. सगळ्या नाण्यांपुढे एक वाक्य सारखं होतं : गर्द तपकिरी, तुकतुकीत, कधीही न घासलेलं.

“साहेब, तांब्याचं नाणं घासलं की मेलं,” हे त्यांनी मला तीनदा ऐकवलं.

घटनास्थळाचा पंचनामा करायला मी स्वतः गेलो. कुलूप तुटलेलं नव्हतं. माळ्यावरच्या सामानात नाण्यांचा लाकडी डबा रिकामा सापडला. दिवाळीआधी घराला रंग दिला, तेव्हा एक रंगारी चार दिवस घरात होता. कपाटं, कोठी, देवघर, सगळं पाहिलं आणि ‘आक्षेपार्ह काही आढळले नाही’ असं लिहून घेतलं. मास्तरीणबाईंनी चिवडा दिला, तो खाऊन परत आलो.

तिसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याने बातमी आणली. तोच रंगारी बाजारातल्या कल्हईवाल्याला जुनी तांब्याची नाणी दाखवून भाव विचारत होता. तासाभरात रंगारी ठाण्यात हजर झाला. पन्नाशीचा, काटक माणूस. “जय भीम, साहेब,” म्हणाला आणि खुर्ची दिली तरी बसला नाही. त्याच्या तंबाखूच्या डबीत नऊ नाणी निघाली, तीही पाव आण्याचीच. उरलेली पाच त्याने विकली असणार, असा हिशेब मी मनात जुळवूनही टाकला. पोलिसाचं मन असं असतं, उत्तर आधी सापडतं आणि प्रश्न मागून येतो.

“ही कुठली?”

“मायची होत, साहेब. पान्याच्या रांजणात टाकून ठेवे ते. तांब्याचं पानी चांगलं रायते म्हने.”

“रांजण दाखव.”

“फुटला जी. माय गेली त्याच्या दुसऱ्या वर्षीच.”

साक्षीदारच फुटला, असं म्हणून मी हवालदाराकडे पाहिलं. तोही गालात हसला.

“मग विकायला का नेलीस?”

“विकाले नाई नेली. मोबाइलवर दाखवून राह्यले का जुन्या पैशाले लाखो रुपये भेटते. म्हटलं, भाव पुसून तं पाहाव.”

मी पुन्हा पुन्हा तेच विचारलं, त्याने पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. शेवटी तो म्हणाला, “साहेब, मले कोंडून ठेवा, चालते. पन लोक कपाट उघडं टाकून माह्या भरोशावर वावरात जातेत. चोरीचं आइकून काल दोन घरवाल्यांनी येऊ नको म्हटलं. एक डाव चोर म्हटलं का मंग मले कोन घरात घेते?”

ते ऐकून मला बरं वाटलं नाही. तरी संशय गेला नव्हता. त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं आणि चोरीचा माल घेणारा म्हणून कल्हईवाल्याला बोलावलं. सत्तरीचे मुस्लिम गृहस्थ, अख्खा बाजार त्यांना चाचा म्हणे. अंगाला नवसागराचा वास, कपाळावर आठ्या. मी दरडावायला तोंड उघडलं, पण ते माझ्या टेबलावरची नाणी उचलून थेट व्हरांड्यातल्या उन्हात गेले. तिथून म्हणाले, “साहेब, तुमचा चश्मा देता का जरा? अन् मास्तरची यादी वाचा.”

ठाण्याचा प्रभारी चष्मा काढून देतो आणि यादी वाचतो, हे शिपाई खांबाआडून पाहत होते.

“गर्द तपकिरी, तुकतुकीत,” मी वाचलं.

“हे कुठी तुकतुकीत हाय? पाहा, अक्षराच्या फटीत पांढरं बसलं हाय.”

“चाचा, तो रंगारी आहे. हाताचा चुना लागला असेल,” मी ऐटीत म्हणालो.

चाचांनी बोट ओलं करून नाणं चोळलं. पांढरं जागचं हललं नाही. नखाने खरवडलं, तरी नाही. “चुना असता तं बोटाले आला असता. हे खाऱ्या पान्याची पापडी होय. पन्नास साल झाले, लोकायचे भांडे पाहून राह्यलो. अशी पापडी जमाले बरसं लागते. पंधरा दिवसात मास्तरचं नाणं असं होत नाई.”

चाचांनी चष्मा पुसून परत दिला. “उलटं मातर होते. काळं नाणं दोन मिंटात नवं होते. दिवाळीले कोन्त्या घरात तांबं घासत नाई, सांगा.”

मी टोपी उचलली. चाचांना आणि हवालदाराला जीपमध्ये घेऊन थेट मास्तरांच्या घरी गेलो. चाचा चपला काढून देवघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबले आणि तिथूनच त्यांनी विचारलं, “बाई, ताम्हनात ते काय चमकून राह्यलं?”

“लक्ष्मीपूजनाचे पैसे जी,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “रंगासाठी सामान काढलं तं माळ्यावर काळेकुट्ट सांडून होते. म्याच चिंच-मीठ लावून घासले.”

मास्तरांनी एक नाणं उचललं, मग दुसरं. तिसऱ्याच्या कडेला त्यांचं बोट टोच्यावर अडलं, तसे ते मटकन खाली बसले. “मेलं,” एवढंच म्हणाले.

“तुमी म्हनले डब्यातली काळी नाणी गेली. हे तं माळ्यावर सांडलेले पैसे होते, घासून गुलाबी झालेले, मले काय माहीत?” बाई म्हणाल्या. “अन् दिवाळीपासून रोज त्याच्यावर फूल वाहून राह्यले तुमी. तुमालेच वळखू नाई आले?”

आधी हवालदार हसला, मग मी, मग चाचा. शेवटी मास्तरही डोळे पुसत हसायला लागले. देवघर तपासून ‘आढळले नाही’ असं लिहून घेणारा अधिकारी मीच, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो.

गैरसमजातून दिलेली फिर्याद म्हणून ‘क’ समरीचा अहवाल कोर्टात गेला. रंगाऱ्याची नाणी त्याला पोच घेऊन परत केली, माफीही मागितली. पण कागदाने नाव धुऊन निघत नाही. गावाने समरी थोडीच वाचलेली असते. खोट्याची चमक दोन मिनिटांत चढते आणि माणसाची पत जमायला बरसं लागतात, हे मी त्या व्हरांड्यात शिकलो. पुढे प्रत्येक संशयिताला पाहताना घाई झाली की मी चष्मा काढून पुसत असे.

पुढच्या आठवडी बाजारात मी बंदोबस्ताला होतो. मजूर उभे राहतात त्या चौकात मास्तर आले, सोबत बाई. आयुष्यभर रंगाऱ्याला अरे-तुरे करणारे मास्तर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “भाऊ, आम्ही दोघं चार दिवस सिरोंच्याला लेकीकडे चाललो. मागची खोली राहिली आहे. ही घराची चावी. कपाटं उघडीच आहेत.”

भाजीवाल्या बायांनी तराजू हातातच धरले. रंगाऱ्याने आधी हात पँटला पुसले. मग चावी घेतली.

“मास्तर, रंग कोनता देऊ?”

“तुम्हाला आवडेल तो.”

कोर्टाने निर्दोष सोडलेली पुष्कळ माणसं मी पाहिली. बहुतेक मान खाली घालून बाहेर पडतात. हा माणूस मात्र भर बाजारातून, ताठ मानेने, चावी बोटात फिरवत गेला. मला त्याला सॅल्यूट ठोकावासा वाटला, आणि मी तो ठोकलाही.