आजीचा तेरा आकडी नंबर

दक्षिण कोरियातल्या कुन्सानच्या बाजारात किंबाप, म्हणजे भाताच्या भरल्या गुंडाळ्या, विकणाऱ्या पाक माल्सुनला कुणी वय विचारलं, तर ती बोटांवर मोजत बसे. ओळखपत्रावरचा तेरा आकडी नंबर मात्र तिला झोपेतही सांगता येई. अक्षरओळख झाली साठीत, नंबर त्याआधीपासूनच पाठ.

नात हारिम तिच्याकडेच राहायची. आईबाप दूर उल्सानच्या जहाज-कारखान्यात. चौदाव्या वर्षी पोरीने विचारलं, "आजी, तुझा नंबर दे ना. अभ्यासाला लागतोय."

माल्सुनने तो सावकाश, दोनदा सांगितला. तिच्याकडचं काही अभ्यासाला लागण्याची ही पहिलीच वेळ.

त्याच सुमारास सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी ऑनलाइन गेम मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत बंद ठेवायचा कायदा आला. माल्सुन निर्धास्त झोपू लागली. सरकार जागं होतं.

हारिम मात्र वर्गात झोपू लागली. पुढे जेवतानाही. डोकं धुवायचं तर तिने सोडूनच दिलं. शेवटी शाळेच्या समुपदेशक बाईंनी आजीला बोलावून घेतलं.

"रात्री गेम खेळते का ती?"

"कशी खेळेल, बाई? बंद असतात की!"

गेमचं खातं ओळखपत्राच्या नंबरावर निघे. बाईंनी माल्सुनचाच नंबर गेमच्या साइटवर घालून पाहिला. मग माल्सुनच्या फोनवर आलेला खात्रीचा आकडा तिच्याकडून विचारून घेतला आणि खातं उघडलं. पाक माल्सुन, वय अडुसष्ट, रोज रात्री पाच तास खेळत होती. गेल्या महिन्यात तिने दोन किल्ले जिंकले होते.

"आजी, हे बंद करायला तुमचीच संमती लागेल. असंच चाललं तर पोरीचं वर्ष जाईल."

घरी हारिम हमसून रडली. "नको ना बंद करू! तिथं सगळे माझी वाट बघतात."

"आणि इथं मी काय झक मारते?" माल्सुन म्हणाली. दुसऱ्या दिवशी खातं बंद झालं.

हारिम तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने दोन वाट्या भात खाल्ला, डोकं धुतलं, आपणहून बाजारात मदतीलाही आली. माल्सुनने त्या दिवशी गिऱ्हाइकांच्या किंबापात अंडं जरा जास्तच घातलं.

आठवड्यानंतर हारिम पुन्हा भातावर पेंगली. त्याच सकाळी शेजारच्या गाळ्यावर सुकी मासळी विकणारी सुनबोक कौतुकानं म्हणाली, "हारिमची आजी, नशीब काढलंस गं! भारी अभ्यासू पोर. मदतीला आली होती ना, तेव्हा माझा नंबर मागून घेतला."

"दिलास?"

"दिला की! दोनदा सांगितला. सावकाश."

माल्सुनने सुरी खाली ठेवली. गाळ्यांच्या रांगेकडे पाहिलं. तीसेक म्हाताऱ्या, आणि प्रत्येकीला आपला नंबर पाठ.

"तू ओळखपत्र काढून ठेव, शाळेत जायचंय," ती सुनबोकला म्हणाली.

"मी? मी काय केलं?"

"रात्रभर गेम खेळतेस."

मग एप्रनला हात पुसत ती पहिल्या गाळ्याकडे चालू लागली.