मांडा बोटांना कळतो

मांडे करणाऱ्या बाया नाशकात पुष्कळ आहेत, पण माझ्या मांड्यातून चुलीतला जाळ दिसतो. हे मीच सांगते, कारण दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघण्याइतका धीर मला कधीच नव्हता. पुरण भरलेला कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायचा. इथे पोळपाट नाही, लाटणं नाही. मांडा किती पातळ झाला हे बोटांनाच कळावं लागतं. लग्नाला, साखरपुड्याला, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला मला सिडकोपासून सायखेड्यापर्यंत बोलावणी येतात.

ही विद्या सासूबाईंची. त्यांनी हाताबरोबर एक नेमही दिला. पहिला मांडा देवाला दाखवल्याशिवाय करणारणीने तोंडात अन्नाचा कण घालायचा नाही. चहा मात्र चालतो. का चालतो, हे मी पंचवीस वर्षांत विचारलं नाही. पाचला उठून कणीक तिंबायची, पुरण शिजवून वाटायचं, चूल पेटवायची. पहिला मांडा उतरेपर्यंत नऊ वाजायचे आणि तोवर पाच कप चहा पोटात गेलेला असायचा. मग छातीत जळजळ आणि घशाशी आंबट पाणी.

एकदा दाढ सुजली. दाताच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं आणि सोबत अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल, रोज सकाळी उपाशीपोटी, पाच दिवस. दाढ बरी झाली, अँटिबायोटिक संपलं. कॅप्सूल मी सात वर्षं घेतली. उपाशीपोटी घ्यायचं औषध माझ्या नेमात बसत होतं, जळजळ थांबली होती, मग सोडायचं कशाला? मेडिकलवाला मला लांबून बघूनच पाकीट काढून ठेवायचा. वर मी गल्लीतल्या बायकांनाही ती वाटायची. डॉक्टरकीचा तेवढाच मान!

मग बोटांच्या टोकांना मुंग्या यायला लागल्या. विस्तवापुढे बसून येत असतील, असं मी ठरवून टाकलं. पण विंचूरच्या एका साखरपुड्यात पहिला मांडा हातावरच फाटला. दुसरा खापरावर टाकताना फाटला. सासूबाई शेजारी पाटावर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "हाताला कळंना का गं?"

"कळतंय की!" मी खेकसले.

खोटं बोलले. बोटं कापसात गुंडाळल्यासारखी झाली होती. पुढचे सगळे मांडे मी जाड केले. पाहुण्यांनी वाखाणून खाल्ले, आणि मला तिथेच रडू कोसळलं. हाताला कळेनासं झालं तर मी कोण उरते?

आमच्या भागातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. बी-ट्वेल्व तळाला गेलं होतं. कोणती औषधं घेता, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी कॅप्सूलचं नावही घेतलं नाही, कारण ती मला औषध वाटतच नव्हती. पर्समधून पाकीट बाहेर आलं ते रुमाल काढताना.

"ही कोणी सांगितली?"

"दातवाल्या डॉक्टरांनी."

"कधी?"

मी खिडकीबाहेर बघितलं.

त्यांनी न रागावता समजावलं. पोटातलं आम्ल काही शत्रू नव्हे, अन्नातलं बी-ट्वेल्व सुटं व्हायला ते लागतं. वर्षानुवर्षं ते दाबून ठेवलं तर बी-ट्वेल्व कमी पडू शकतं, त्यात मी शाकाहारी. ते कमी पडलं की नसांवर परिणाम होऊन बोटं बधिर होतात. कुणाचं मॅग्नेशियम उतरतं, कुणाची हाडं ठिसूळ होतात. ज्याला अल्सर आहे, अन्ननलिकेला जखम आहे, त्याला ही कॅप्सूल लागतेच, त्याने परस्पर सोडायची नाही. माझी त्यांनी दुर्बिणीने तपासणी करून घेतली. तसलं काही निघालं नाही. इंजेक्शनं सुरू झाली. कॅप्सूल हळूहळू कमी करा, एकदम सोडलीत तर आम्ल उसळून येईल, असं त्यांनी दोनदा बजावलं.

मी घरी येऊन एकदम सोडली. माझा स्वभावच तसा. चौथ्या दिवशी छातीत असा वणवा पेटला की मान खाली घालून परत गेले. मग मात्र त्या सांगतील तसं केलं. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा आल्या. रात्रभर पायथ्याकडे घसरतो म्हणून नवरा कुरकुरला, मी लक्ष दिलं नाही. जेवण साडेसातच्या आत, जेवल्यावर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही, झोपायचं डाव्या कुशीवर. चुलीपुढे बसताना परकराची नाडी मी करकचून आवळायची, ती सैल केली. या एका गोष्टीने जेवढा आराम पडला, तेवढा मला कुठल्या चूर्णाने पडला नव्हता. पाच चहांचे दोन झाले. चार महिन्यांत कॅप्सूल सुटली. ती सोडल्याचा मला अजूनही गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

एवढं सगळं ऐकलं, पण सकाळी चहाआधी पोटात काहीतरी घाला, हे मांड्यांच्या दिवशी ऐकायला मी तयार नव्हते. नेम तो नेम.

आखाजी आली. घरचेच मांडे होते, पण विंचूरनंतर मी खापर पहिल्यांदाच चढवत होते. चूल पेटवून चहाचा कप उचलला, तर सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला आणि वाटीभर दुधात कुस्करलेली भाकरी समोर ठेवली.

"आधी हे खा."

"आई, देवाचं अजून व्हायचंय."

"देव थांबंल. त्याला कुठं जळजळ होती?" मग चुलीकडे बघत म्हणाल्या, "मला बी लय जळजळायचं. माझ्या सासूला सांगायची छाती नाय झाली. तुला बी तेच शिकिवलं मी."

ज्यांनी नेम दिला त्यांनीच तो मोडला. मी मुकाट्याने वाटी संपवली.

मग गोळा हातावर घेतला. कणीक मनगटावरून पसरत कोपराकडे निघाली. डाव्या करंगळीजवळ ती जास्तच पातळ होत होती. ते मला दिसलं नाही, बोटाला कळलं. हात किंचित वळवला, भार उजवीकडे दिला. मांडा कुठेही न फाटता खापरावर पसरला.

सासूबाई पाटावरून पुढे वाकल्या. "कळतंय?"

"विंचूरला कळत नव्हतं, आई," मी म्हणाले. "आता कळतंय."