आत सरका, मागं गाडी मोकळी हाय

पृथ्वीवर जागा कमी पडते आहे, ही गोष्ट आमच्या आतोबांना कधी म्हणजे कधीच पटली नाही. जागा मायंदाळ आहे, माणसं आत सरकत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं. तेहतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाचं हे शास्त्र होतं आणि त्याला पुरावाही होता. मलकापूरच्या गाडीत एका बाजाराच्या दिवशी त्यांनी एकशे अठरा माणसं, सात कोंबड्या आणि एक नवरदेव बसवला होता. उतरताना सगळे शाबूत होते. फक्त नवरदेवाचं बाशिंग भलत्याच एका म्हाताऱ्याच्या कपाळावर होतं आणि म्हातारा ते सोडायला तयार नव्हता.

रिटायर झाल्यावर तिकिटं टोचायचा पंच डेपोत जमा करावा लागला. त्या दिवसापासून त्यांचा उजवा हात पोरका झाला. मग त्यांनी अडकित्ता धरला. सुपारीला आयुष्यात शिवले नव्हते, पण अडकित्त्याची टकटक अगदी पंचासारखी. एक टक म्हणजे थांबा, दोन टक म्हणजे चला. लग्नात पंगत रेंगाळली की खांबावर दोन टक. नृसिंहवाडीच्या रांगेत तर 'दर्शन झालेल्यांनी पुढच्या दारानं उतरून घ्या' असं ते इतक्या अधिकारानं म्हणाले की पुजारीसुद्धा बाहेर येऊन उभे राहिले. घरी पाहुणे आले की तिघांच्या सोफ्यावर पाचवा बसवल्याशिवाय चहा येत नसे.

या सगळ्यात एकच माणूस कायम उभं राहिलं, ती म्हणजे आमची आत्ती. नवऱ्याच्या गाडीत चढली की पहिल्यांदा तिलाच उठवायचे. 'घरची माणसं उभी ऱ्हात्यात,' हा नियम. लग्नानंतर दोघं पन्हाळ्याला गेले तेही ड्यूटीच्या गाडीतूनच. आत्ती दारापाशी लटकलेली आणि आतोबा पन्हाळा येईपर्यंत मागच्या बाकड्यापाशी हिशोबाला. एवढ्या वर्षांत नवऱ्याच्या शेजारी बसून ती कुठे गेली नाही. तिची इच्छा म्हणाल तर तेवढी एकच होती.

म्हणून मी दोघांना गोव्याला नेलं आणि पणजीला मांडवीतल्या संध्याकाळच्या बोटीची तिकिटं काढली. तासाभराची फेरी. बोटीवर चढण्याआधी आत्तीनं त्यांना देवाची शपथ घातली: जागचं उठायचं नाही, कुणाला सरकवायचं नाही. अडकित्ता जप्त होऊन तिच्या पिशवीत गेला.

आता त्या गर्दीचं काय सांगू. उजवा पाय आपलाच आहे ना, हे बघायला मी तो जरा हलवला, तर पलीकडच्या पंजाबी बाई मला 'सॉरी' म्हणाल्या. माइकवाला दर दोन मिनिटांनी 'आर यू हॅपी?' विचारत होता आणि श्वास घ्यायला जागा नसलेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी 'येस' म्हणून ओरडत होती. पैसे भरले होते ना, हॅपी न होऊन सांगता कुणाला? आणि या मंडळींपैकी निम्मी जिन्याच्या तोंडाशीच चोंदून उभी. बोटीची मागची बाजू चक्क रिकामी.

आतोबांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. कपाळावर घाम. एखादं दुखणं सांगावं तसे ते हळूच आत्तीला म्हणाले, "मागं मोकळं हाय गं."

"बघू नका तिकडं," आत्ती म्हणाली.

पंधरा मिनिटं त्यांनी काढली. मग सूर्य बुडायला लागला आणि कॅमेरे घेऊन सगळी बोट उजव्या अंगाला धावली. बोट कलली. खुर्च्या घसरल्या, कुणाची तरी चप्पल पाण्यात गेली. माइकवाल्यानं कोंकणीत, हिंदीत, इंग्रजीत हात जोडले. एक माणूस हलेल तर शपथ. सूर्य जणू यांच्याच तिकिटावर बुडत होता. पोरं रडायला लागली. आत्तीनं एका हातानं कठडा धरला आणि नवऱ्याकडे पाहिलं. ते शहाण्या मुलासारखे समोर बघत होते. शपथ घातलेली होती ना. आत्तीनं पिशवी उघडली आणि अडकित्ता त्यांच्या हातात दिला.

"उठा. ह्यास्नी दुसरं कोन सरकवायचं न्हाय."

आतोबा खुर्चीवर चढले. लोखंडी खांबावर एकच टक.

"आत सरका! अवो टोपीवालं पावणं, मागं समदी गाडी मोकळी हाय! लेडीज आधी! सूर्य काय, फुडच्या स्टॉपला बी दिसतोय!"

पंजाबी, गुजराती, बंगाली, सगळे सरकले. एका गोऱ्या साहेबानं तर पोराला मांडीवर घेतलं. बोट सरळ झाली. मग सवयीनं आतोबांनी खांबावर दोन टक दिले आणि बोटीनं वेग घेतला. योगायोग म्हणा हवं तर. मी म्हणणार नाही.

एकदा उठलेला कंडक्टर शेवटच्या माणसापर्यंत गेल्याशिवाय परतत नाही. आतोबा परतले तेव्हा बोट धक्क्याला लागली होती. आत्तीनं पिशवी ठेवून, अर्ध्या भारताशी भांडून त्यांची खुर्ची राखली होती. सगळे उतरायला धडपडत होते. ते खाली मान घालून शेजारी बसले.

"बसू की जरा," ते म्हणाले, "गर्दी उतरू दे."

बोट रिकामी झाली, झाडूवाला आला, दिवे मालवायला लागले, तरी ते उठेनात. अडकित्ता हातात होता. दोन टक काही त्यांनी दिले नाहीत.

आता आतोबा नाहीत. आत्ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की आमी दोघं शेजारी बसून तासभर बोटीतनं फिरलो, वारं काय लागत होतं म्हणून सांगू. शपथेशिवाय ते शेजारी बसले ती दहाच मिनिटं आणि तेव्हा बोट दोरानं बांधलेली होती, हे मी बोलत नाही. थापा मारायचा मक्ता काही माझ्या एकट्याकडे नाही.