खिळे तोंडात असेपर्यंत

खिळे तोंडातून हातावर आले की समजायचं, बातमी आहे.

पांढुर्ण्यात तो पेटीवाला संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकायचा. पाच-सहा खिळे ओठात धरून एकेक जिभेनं पुढं सरकवायचा. तोवर मुका. मग हातोडी ठेवायचा, खिळे तळहातावर काढायचा आणि म्हणायचा, "तुमच्यापुरतंच ठेवजा, भाऊ." असा माणूस तुमच्याही गावात असेल. 'तुमच्यापुरतंच' असं तो प्रत्येकालाच म्हणायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ज्याला त्याला वाटायचं, आपल्यावर याचा जीव जरा जास्त. मलाही वाटायचं.

मी दुसरीपर्यंत शिकलो. फोन बटणाचा. तो हसायचा, "भाऊ, जग पुढं निघून गेलं."

"जाऊ दे. वापस आलं का भेटन मले."

त्यानं मोठा फोन घेतला. लिहिता येत नव्हतं, म्हणून संत्रेवाल्यांच्या ग्रुपवर बोलून टाकायचा. मग आपलाच आवाज पुन्हा लावून मान हलवत ऐकायचा, जशी बातमी त्यालाच कोणी सांगून राहिलं.

आमचा बगीचा बोरगावकडे. विहीर एक, मोटार एक, अर्धी झाडं माझी, अर्धी धाकट्या भावाची. मृगाचा बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी बंद करतात. त्याला आम्ही पाणी तोडणं म्हणतो. त्या वर्षी मी माझ्या झाडांचं तोडलं. धाकट्याचं चालू होतं.

एका सकाळी मोटार जळाली. धाकटा उठायच्या आत मी ती काढली आणि वायंडिंग भरून आणायला पांढुर्ण्याला गेलो. काम होईपर्यंत पेटीवाल्याकडे बसलो. चहा झाला. झाडांचं सांगितलं, मोटारीचं सांगितलं. दुसरं काय बोलणार?

मी पाय धुवायला नळावर गेलो, तेवढ्यात तो फोनमध्ये बोलला, "बोरगाववाल्या भाऊनं पाणी तोडलं. मोटार उचलून पांढुर्ण्याले आणली."

दोन्ही गोष्टी खऱ्या. 'जळालेली' एवढा एक शब्द त्यानं बाहेर ठेवला.

दुपारपर्यंत ती गोष्ट सौसरला धाकट्याच्या सासरी पोचली. तिथून धाकट्याकडे आली तेव्हा मोठ्या भावानं धाकट्याचं पाणी तोडलं अशी झाली होती. तो विहिरीवर गेला. मोटार नव्हतीच.

मी संध्याकाळी मोटार घेऊन परतलो तर तो आपले पाईप उचलून राहिला होता.

"पुरं सौसर जाणते, दादा. मलेच मालूम नव्हतं."

मी मोटार विहिरीजवळ ठेवली. ज्याला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरवलं, त्याला मी जळालेल्या मोटारीचा पुरावा द्यायचा? त्यानं विचारायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी पेटीवाल्याकडे गेलो.

"एक शब्द राहिला तुह्या बोलण्यात. तेवढा टाक ग्रुपवर."

"आता गोष्ट शिळी झाली, भाऊ."

"शिळीच टाक."

"लोकायचा माह्या बातमीवर भरोसा आहे. आता पलटलो तर उद्या कोण ऐकन?"

"अन् माहा भाऊ?"

त्यानं डब्यात हात घातला, मूठभर खिळे काढले आणि ओठात धरले. मग ठोकायला लागला. मी बसून राहिलो. पेटी झाली, त्यानं दुसरी घेतली. पण खिळे काही हातावर आले नाहीत.

पुन्हा मी त्या दुकानात गेलो नाही.

मागच्या हिवाळ्यात तो वारला. ग्रुपवर त्याच्या फोटोला फुलं पडली म्हणे. दुकानाला कुलूप आहे. व्यापारी आता प्लास्टिकचे क्रेट आणतात.

धाकट्यानं आपली वेगळी बोअर मारली. विहिरीचं पाणी आता मला एकट्याला पुरून उरतं.

परवा बगीच्यात घरच्या पेटीची फळी निघाली. हात अडकलेले, म्हणून खिळे तोंडात धरले. लोखंडाची चव लागली. तेवढ्यात धाकटा बांधावरून जाताना थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं.

तो काही विचारतो का, हे पाहत मी खिळे तोंडातच ठेवले.