उंबऱ्यावरचा पटका

भीमाप्पाआण्णांनी जन्मभर शेती केली, पण गाव त्यांना ओळखायचं ते वेगळ्याच कसबासाठी. ते निवडणूक मोडत. म्हणजे मतपेट्या फोडत नव्हते, देवमाणूस होता तो! निवडणूक व्हायच्या आधीच ते ती मिटवून टाकत. जयसिंगपूरच्या बाजूचं त्यांचं शिवारवाडी हे गाव सगळ्या तालुक्यात 'बिनविरोध' म्हणून मिरवायचं, ते त्यांच्या जिवावर.

ह्याला कारणही तसंच होतं. आण्णांच्या तरुणपणी एका निवडणुकीत गावात उभी फूट पडली. कडब्याच्या गंज्या पेटल्या, सख्खे साडू एकमेकांची वाट टाळायला लागले, आणि आण्णांच्या थोरल्या भावाच्या मातीला अर्धं गाव फिरकलं नाही. ते त्यांच्या काळजात रुतून बसलं. त्यानंतर अर्ज मागं घ्यायच्या आदल्या दिवशी आण्णा एकेका उमेदवाराच्या दारात जात, डोईचा पटका काढून उंबऱ्यावर ठेवत आणि म्हणत, "आता ह्येची लाज तुझ्या हातात हाय." एवढ्या मोठ्या माणसाचं उघडं डोकं बघून समोरच्याला घाम फुटे. अर्ज मागं येई. मग देवळात पाच जण बसून नावं ठरवत, नारळ फुटे, आणि आण्णा समाधानानं म्हणत, "पाचामुखी परमेश्वर!" ते पाच जण दर खेपेला तेच असत. परमेश्वराला काही त्याचं वावडं नसावं.

पंचाण्णव साली बायकांसाठी जागा राखीव झाली. पाच जणांनी एक गरीब गाय शोधून ठेवली होती, दाखवाल तिथं सही करणारी. पण आण्णांच्याच भावकीतली सून शिवलीला, बालवाडीच्या बाई, तिनं कुणाला न विचारता अर्ज भरला. खालच्या आळीत नळ यावा, एवढंच तिचं म्हणणं. आण्णा गेले आणि पटका ठेवला.

शिवलीलानं तो दोन्ही हातांनी उचलून त्यांना परत दिला. "घेते मागं अर्ज. तुमच्यापुढं मी काय बोलू, आण्णा? पर एक सांगते. मी पडलेच असते. पडू द्यायचं हुतं की! किती मानसं माझ्या बाजूनं हायती, ते तरी कळलं असतं."

आण्णांना हसू आलं. हरण्यासाठी कुणी उभं राहतं का? घरी येऊन त्यांनी बायकोला, गंगव्वाला, हे गमतीनं सांगितलं. गंगव्वा हसली नाही. खालच्या आळीतल्या बायका नदीवरून पाणी आणताना ती रोज बघत होती.

पुढं गंगव्वा गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला रुद्रभूमीत माती दिली, अगदी कडेला, गायरानाला लागून. दर सोमवारी आण्णा जाऊन तिच्या समाधीवर बेलाचं पान ठेवत आणि गावातल्या बातम्या सांगत बसत. जिवंतपणी तिला एवढं कधी सांगितलं नव्हतं.

तोवर सरपंचकी मल्लेशकडं आली होती. आण्णांनीच हाताला धरून पुढं आणलेला पोरगा, लागोपाठ बिनविरोध निवडून आलेला, आणि आता वीटभट्ट्यांचा मालक. एका ग्रामसभेत ठराव आला: रुद्रभूमीच्या कडेचं गायरान विटांसाठी माती काढायला द्यायचं. कुणाला, तर मल्लेशच्या मेव्हण्याला. तिथं खड्डा पडला की पहिल्याच पावसात कडेच्या समाध्या ढासळणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"मंजूर हाय न्हवं?" मल्लेशनं विचारलं.

"मंजूर!" सगळे एका सुरात ओरडले. सवयच होती.

आण्णा उठले. "माझा इरोध हाय."

सभेत कुणी हसलंसुद्धा नाही. मल्लेशच मायेनं म्हणाला, "आण्णा, आपल्या गावात इरोध कवा झालाय व्हय? तुमीच लावलेलं वळण हाय की."

आण्णांनी माणसांकडं बघितलं. एकेक मान खाली गेली. नंतर चार-सहा जण परसदारानं घरी येऊन सांगून गेले, "मनानं आमी तुमच्याबरुबर हाय बरं का." मनानं! आण्णांना भडभडून आलं. आपल्या बाजूनं किती माणसं आहेत, हे ह्या गावात कळायची सोयच उरली नव्हती, आणि ती सोय मोडणारा हात आपलाच होता.

पुढच्या निवडणुकीला ते शिवलीलाच्या दारात गेले. "तू उभी ऱ्हा."

"आता न्हाई जमायचं, आण्णा. ह्यांची नोकरी मल्लेशच्या पतसंस्थेत हाय. तवा अंगात रग हुती."

मग सत्तरी ओलांडलेल्या आण्णांनी स्वतःच अर्ज भरला. अर्ज मागं घ्यायच्या आदल्या दिवशी मल्लेश चार माणसं घेऊन आला. जन्मात कधी डोक्याला न गुंडाळलेला एक कोरा पटका त्यानं उंबऱ्यावर ठेवला. "आता ह्येची लाज तुमच्या हातात हाय, आण्णा."

आपण किती घरांत हे करून आलो, ते आठवून आण्णांना स्वतःचीच शरम वाटली. "मल्लेश," ते म्हणाले, "उचल त्यो. धूळ लागंल."

कित्येक वर्षांनी आण्णांच्या वॉर्डात मतदान झालं. आण्णा पडले, चांगले आपटून पडले. मल्लेशच्या माणसाला दुपटीहून जास्त मतं मिळाली. गायरानात खड्डा पडला, आणि पावसाळ्यात गंगव्वाच्या पायाकडची माती त्यात वाहून गेली. आण्णांनी घमेल्यानं भर घातली, पण ती टिकली नाही.

पाऊस उघडल्यावर ते पुन्हा शिवलीलाकडं गेले. ती नळावर भांडी घासत होती. नळ आला होता, पण दहा वर्षं उशिरा. हात पुसून तिनं चहा टाकला.

"एकशे सव्वीस," आण्णा म्हणाले. "एवढी मानसं माझ्या बाजूनं हुती. मला ठावंच नव्हतं, पोरी."

शिवलीलानं कप पुढं ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता. "आन् मला तवा किती पडली असती, आण्णा?"

आण्णांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. ती मतं त्यांनी पडूच दिली नव्हती.