पुनवेच्या दुपारची पाहणी

भांडुप गावठाणातली मेबल सरकारी उत्तर वाचायला बसली की घरात कुणी बोलत नाही. तांदूळ निवडावेत तसं तिचं बोट ओळीवरून फिरतं आणि खडा लागला की थांबतं. खडा लागतोच. मग ती चष्मा कपाळावर सरकवते आणि नवऱ्याला हाक मारते, "एडवर्ड, ऐकलंस? पुन्हा 'कार्यवाही प्रगतिपथावर आहे'!" एडवर्ड बेकरीतून निवृत्त झालेला साधा माणूस. तो "हो गो" म्हणतो आणि कोंबड्यांना दाणे टाकायला अंगणात जातो.

मेबल आमदार जान्हवी कुडतरकरांची स्वीय सहायक. त्याआधी तिने दोन आमदार सांभाळले. दोघेही निवडणुकीत पडले, मेबल टिकली. जान्हवीताई मुलुंडच्या. नाले, झाडं, खाडीकाठची तिवरं, या विषयांच्या त्या सभागृहात हात धुऊन मागे लागतात. आवाज मात्र चढवत नाहीत. मंत्र्यांनी उत्तर टाळलं की तोच प्रश्न त्याच सुरात पुन्हा विचारतात. मंत्री रुमाल काढतात. पण तो प्रश्न आधी कोणत्या अधिवेशनात, कोणत्या शब्दांत विचारला होता, हे सांगणारी चिठ्ठी मेबलची असते. याची फुशारकी ती कुणाजवळ मारत नाही. दिवसातून दोनदा मारते, तेवढंच.

प्रश्न विचारायची तिथे ठरलेली तऱ्हा आहे. 'भांडुप खाडीच्या तिवरांत इमारतींचा राडारोडा टाकला जात आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कारवाई केली?' खात्याकडून छापील उत्तर येतं, 'हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.' मेबलने आयुष्यात अशी इतकी उत्तरं वाचलीत की 'हे खरे नाही' दिसलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. "चूक कबूल करायला यांचं काय जातं रे? जीभ झिजते?" असं ती एडवर्डला विचारते, जणू खातं तोच चालवतो.

सहा वर्षांपूर्वी मात्र जान्हवीताईंनी प्रश्न लावून धरला आणि मंत्री सभागृहात बोलून गेले, "दोन महिन्यांत राडारोडा उचलू." मंत्र्यांनी सभागृहात दिलेला असा शब्द नोंदला जातो, आणि तो पाळला की नाही हे आमदारांची एक समिती तपासते. मेबलने तो आपल्या निळ्या वहीत एक्केचाळीस नंबरला लिहून ठेवला. दोन महिन्यांची सहा वर्षं झाली. आता खात्याने कळवलं की तिथे राडारोडा शिल्लक नाही, सबब हे आश्वासन यादीतून वगळावं.

"शिल्लक नाय?" सगुणा ओरडली. सगुणा ही मेबलची शाळेतली मैत्रीण, खाडीतली मासळी विकणारी कोळीण. "माझी होडी ज्या नाल्यातून जाते तो अर्धा बुजलाय. वरून दोन गाड्या अजून पडल्या तर होडी अंगणात उभी करून त्यात तुळस लावीन मी!"

जान्हवीताईंनी समितीला गळ घातली, स्वतः येऊन पाहा. समिती कबूल झाली. त्या दिवशी डोळ्यांना काही दिसलं नाही तर एक्केचाळीस नंबरावर काट आणि सगुणाच्या नाल्यावर माती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तारीख-वेळ ठरवायचं काम मेबलकडे आलं. तिने तीन कॅलेंडरं चाळली. सुट्ट्या पाहिल्या, लग्नाचे मुहूर्त पाहिले, समितीचे अध्यक्ष अकराच्या आत नाश्ता आटपत नाहीत हेही ध्यानात घेतलं आणि जानेवारीतला बुधवार पक्का केला. दुपारी बारा. त्या तारखेच्या चौकोनात कोपऱ्यात एक छोटा गोल चंद्र छापला होता. त्याच्याकडे कोण बघतंय!

बुधवारी बाराला समिती बांधावर उभी राहिली. समोर खाडी काठोकाठ भरलेली. पाणी उन्हात चमकत होतं, तिवरांचे फक्त शेंडे वर होते आणि त्यावर बगळे बसले होते. खात्यातर्फे एक तरुण अधिकारी आले होते, ते स्वतःच चकित झाले. मग सावरून म्हणाले, "पाहावं साहेब. स्वच्छ."

"वा, सुंदर!" अध्यक्ष म्हणाले. त्यांनी मोबाइलवर बगळ्याचा फोटोही काढला.

मेबल घड्याळ आणि पाणी आळीपाळीने बघू लागली. मागून सगुणा कानाशी पुटपुटली, "मेबल, अगो पुनवेला दुपारी बाराला भरती असते, हे माझ्या मांजरीला पन म्हायती हाय! मला विचारलं असतंस तर? खाडीला पाठ लावून जन्मलीस आणि सगळा जन्म कागदात घातलास!"

"देवबापा! वाट लागली," मेबल म्हणाली. "पाणी कधी उतरेल?"

"चारपर्यंत सगळं उघडं पडेल."

अध्यक्ष गाडीकडे वळले होते. चार तास! मेबल धावत पुढे गेली. "साहेब, जेवल्याशिवाय गावठाणातून कुणी जात नाही. घर हे काय, समोरच."

जान्हवीताईंनी तिच्याकडे पाहिलं. असा आग्रह मेबलने यापूर्वी कधीच केला नव्हता. मग त्याच आधी घराकडे चालू लागल्या.

घरी एडवर्ड फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोल गोळे, तळायला बसला. पीठ फुगायला वेळ लागतो, हे तो पाहुण्यांना इतकं सविस्तर सांगत बसला की त्यातच पाऊण तास गेला. वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवलेल्या बाटली मसाल्यातलं कोंबडीचं कालवण आलं. शाकाहारी सदस्यांना वालाचं बिरडं. आणि मग सगुणाने घरून टोपभर चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, आणल्या. चिंबोरी ही वस्तू घाईने खाता येत नाही. नांगी फोडा, चोखा, बोटं चाटा, पुन्हा फोडा. समितीच्या कामकाजात कधी दिसली नाही एवढी एकाग्रता त्या टेबलावर दिसली. अध्यक्षांनी सहावी चिंबोरी संपवली तेव्हा घड्याळात साडेतीन झाले होते. अधिकारीही मान वर करत नव्हते बिचारे.

"आता हात धुवायला खाडीवरच चला," सगुणा म्हणाली. पोट भरलेली माणसं मुकाट निघाली.

पाणी पार ओसरलं होतं. चिखलात सगळ्यांत आधी दिसला एक गुलाबी कमोड, ऐटीत उभा. त्याच्यामागे फरशा, विटा, सिमेंटच्या गोण्या, तुटका जिना, थेट नाल्याच्या तोंडापर्यंत ढीगच ढीग. तिवरं त्याखाली वाळून काळी पडली होती.

अधिकाऱ्यांचा चेहरा उतरला. "भरतीत वाहून आलं असावं," ते चाचरत म्हणाले.

"जिना?" जान्हवीताईंनी शांतपणे विचारलं. थोडं थांबून, त्याच सुरात पुन्हा, "जिना?"

अधिकारी चिडले. "बारा वाजता काही नव्हतं. जेवणाच्या निमित्ताने आम्हाला अडकवून ठेवलं! हे ठरवून केलंय. मी तसं लिहून देईन."

 अध्यक्षांच्या कपाळावर आठी पडली. जान्हवीताई मेबलकडे वळल्या. "मेबल, वेळ चुकीची ठरवली गेली, हे खरे आहे काय?"

 अकरा वर्षांत ताईंसमोर मेबलची एक तारीख चुकली नव्हती. 'खात्यानेच वेळ दिली' म्हटलं असतं तर कुणी तपासलं नसतं. जिभेवर आलेलं 'हे खरे नाही' तिच्या चांगलंच ओळखीचं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"हे खरे आहे," ती म्हणाली. "वेळ मी ठरवली. भरती पाहिली नाही. चूक कळली तेव्हा तुम्हाला जेवायला बसवलं. तेही मुद्दाम. तसंच टिपणात लिहिते."

अध्यक्षांनी मिशीवरचा मसाला पुसला. "जेवणाबद्दल समितीची तक्रार नाही."

अधिकारी बांधाच्या कडेपर्यंत जाऊन ढीग पाहून आले. मग हलक्या आवाजात म्हणाले, "मी इथे मार्चमध्ये आलो. जुनंच उत्तर उतरवून पाठवलं. येऊन पाहिलं नव्हतं." त्यांनी मेबलपुढे हात केला. "द्या तो टिपणाचा कागद."

बांधावर उकिडवं बसून त्यांनी त्यावर राडारोड्याबद्दल स्वतःच्या हाताने लिहिलं, 'हे खरे आहे', आणि खाली सही केली. मेबलने तो कागद दोनदा वाचला. बोट कुठेच थांबलं नाही. डोळे भरून आले तेव्हा तिने चष्मा पुसायचं निमित्त केलं.

एक्केचाळीस नंबरावर तिने काट मारली नाही, कारण कमोड अजून तिथेच होता. अध्यक्षांनी बजावलं, महिन्याभरात पुन्हा येऊ, राडारोडा उचललेला दिसला पाहिजे. मेबलने निळी वही उघडली, पेन काढलं आणि तारखेची जागा मोकळी ठेवून मागे वळली.

"सगुणा," तिने विचारलं, "कधी येऊ आम्ही?"